ताडामागचा कळस

८ सप्टेंबर, सोमवार

आज पण थुंकला! अर्धी पेज माझ्या लुगड्यावर, अर्धी भिंतीवर. डॉक्टर म्हणतो गिळता येतं. मग गिळत का नाही? पन्नास वर्षं माझ्या हातचं खाल्लं, तेव्हा नाही थुंकला. एक बाजू लुळी पडली, ठीक. दुसऱ्या बाजूचं नाटक कशाला?

हां, आता राम राम. वही नमितानं दिली. माझी नात, अकरावीला आहे. म्हणाली, "आजी, तुला दिवसभर जे बोलायचं असतं ना, ते यात लिही. आमचे कान दुखतात." तिसरीपर्यंत शिकलेली बाई मी, काय लिहिणार! पण लिहीन. वही उलटून बोलत नाही. घरात आता असे दोघं झाले — वही आणि म्हातारा.

म्हाताऱ्याचं नाव लिहिणार नाही. तोंडानं कधी घेतलं नाही, हातानं कशाला घेऊ?

नारळी पुनवेनंतर आठव्या दिवशी धक्क्याच्या पायरीवर पडला. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली. कसा पडला ते इथं लिहायचं नाही. दहा दिवस हॉस्पिटल, मग घर. आता खिडकीत खुर्ची. समोर सोसायटीची उंच पाण्याची टाकी आहे, तिच्याकडे तोंड करून दिवस काढतो. काय आहे तिथं म्हणून मी पण वाकून बघितलं. कावळे.

१० सप्टेंबर, बुधवार

दोन चमचे. तिसऱ्याला दात आवळले.

१४ सप्टेंबर, रविवार

पावसाचं गढूळ पाणी निवळायला लागलं की जिताडा खाडीत चढतो. आम्हा खाडीवरच्या माणसांना त्याच्यावर मासा नाही. मोठ्या साहेबाकडे काम असलं की लोक पेढे नाही नेत, जिताडा नेतात. पण म्हाताऱ्याचा कायदा वेगळा — हंगामातला पहिला घरात शिजणार, आणि डोकं त्याच्या ताटात. तो वास आला तर तोंड उघडेल.

हितेशला बोलले. हितेश माझा मुलगा, न्हावा शेव्याला कंटेनर मोजतो, होडीत पाय ठेवत नाही. म्हणाला, "आई, टेन्शन घेऊ नको, बाजारातनं आनतो." आणला. तळ्यात पाळलेला! तरी आंबट टाकून कालवण केलं. म्हाताऱ्यानं एकदा वास घेतला आणि मान फिरवली. वाचा गेली, नाक नाही गेलं.

मग मी गरी काढली. त्याचीच. लाकडी फिरकीवर गुंडाळलेला लांब दोरा, टोकाला शिसं आणि गळ. काठी-बिठी काही नाही. पुलावर गेले. तिथं रविवारचे सीवूड्सचे साहेब — विलायती काठ्या, टोप्या, बसायला घडीच्या खुर्च्या. एक म्हणाला, "आंटी, ये हमारा स्पॉट है." मी म्हटलं, "हा पूल नव्हता तेव्हा माझा सासरा इथं मासे धरायचा. तेव्हा कुठं होता तुझा स्पॉट?" समजलं असेल नसेल, सरकला बिचारा. वर मला एक रबरी मासा दिला, गळाला लाव म्हणून. म्हटलं, "मासा काय तुझ्यासारखा येडा हाय?"

संध्याकाळपर्यंत दोन शिंगाळ्या, काटेच काटे. साहेबाला तेवढ्याही नाहीत. म्हाताऱ्याला दाखवल्यासुद्धा नाहीत. मांजरांना घातल्या.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. सासऱ्याचं पान ठेवलं — भात, वडे, कोलंबी. कावळा टाकीवरून सरळ खाली आला आणि लगेच शिवला. मेलेला जेवला. जिवंत आहे तो जेवत नाही.

काल डॉक्टर म्हणाला, "दिवाळीपर्यंत वजन नाही वाढलं तर नाकातून नळी." हितेश मान डोलावतो. मी म्हटलं, "नळीतनं पेज जाईल. चव कुठनं जाईल?"

"आई, चवीचं काय घेऊन बसलीस!"

लहानपणी बोंबील तिखट नाही म्हणून ताट सरकवायचा. आता चवीचं काय म्हणतो.

२८ सप्टेंबर, रविवार

सुधीर आला. माझा पाठचा भाऊ, साठीचा, पलीकडच्या गावात त्याची होडी आहे. स्कूटरवर मागे बसवून मला उरणच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. सत्तर वर्षांची बाई कमरेएवढ्या लाटेत उभी राहून शिसं भिरकावते! दोन पोरी फोटो काढत होत्या. काढा.

तीन तासांनी दोरा ताणला. जड! सुधीर ओरडला, "सोडू नको, बाय!" ओढलं. झेंडूचा हार, पिशवीसकट. नवरात्रात देवीनं आपलाच हार परत पाठवला. सुधीर हसून हसून वाळूत बसला. मी नाही हसले. घरी येईपर्यंत नाही. घरी मोरीत एकटीच हसले, मग रडू यायला लागलं म्हणून तोंड धुतलं.

५ ऑक्टोबर, रविवार

किनारा आणि पूल यांच्या नादी लागायलाच नको होतं. मासा डोहात असतो. म्हाताऱ्याचा एक डोह आहे, सुकतीला सगळी खाडी उतरते तेव्हा मोठा मासा त्यात जाऊन बसतो. कुठं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. सख्ख्या मुलाला नाही. मुलानं विचारलं पण नाही म्हणा. हितेशच्या हळदीत पिऊन एकदाच माझ्याजवळ बोलला — "गोजरे, कळस ताडाच्या मागं लपला पायजे, आनि पुलाचा तिसरा खांब डोंगराच्या खाचेत बसला पायजे. दोन्ही जुललं का टाक नांगर." दुसऱ्या दिवशी म्हणाला, मी असं काही बोललोच नाही.

आज सुधीरच्या होडीतून गेलो. खांब खाचेत बसला. देवळाचा कळस ताडाच्या मागे गेला. नांगर टाकला. सुकती संपून भरती लागेपर्यंत बसलो. गळाला नुसता गाळ, आणि एक चप्पल. डावी.

"बाय, भावजींनी तुला पन फसवलान."

फसवणारा नाही तो. हेच तर वाईट आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. घोटभर दूध त्याच्या ओठाला लावलं. हनुवटीवरून खाली.

लिहायचं नव्हतं ते आज लिहिते. कुणी वाचणार नाही. नमिता, वाचत असशील तर इथंच थांब.

आमच्या धक्क्यावर रीत आहे. होडी चिखलाच्या कडेला आली की माणूस घरच्या बाईला हाक मारतो. बाईनं धक्क्यावरून ओ द्यायची आणि पाटी घेऊन खाली उतरायचं. ओ आली म्हणजे घर जाग्यावर आहे. पन्नास वर्षं त्यानं हाक मारली आणि मी ओ दिली. तापात दिली. हितेश पोटात होता तेव्हा दिली, बाळंत व्हायच्या आदल्या दिवशी.

त्या दिवशी सकाळी भांडण झालं. म्हटलं, "जाऊ नको. चौऱ्याहत्तर वर्षांचा झालास, पाण्याला ओढ हाय, खाडी मेली." तो गेला. मी रागानं पेटले. होडी परत आली तेव्हा मी धक्क्यावरच बसले होते, चिंबोऱ्या साफ करत. "गोजरे ऽऽ!" म्हणाला. आवाज कसा तर नवऱ्या मुलासारखा. मी पाठ फिरवली. परत हाक. तिसरी पण. मी ओ दिली नाही. बाजूच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, तरी नाही दिली.

मग पाटी त्यानंच डोक्यावर घेतली. पायऱ्यांवर शेवाळ.

पाटीत जिताडा होता. पहिला. तेवढ्यासाठी आवाज तसा होता. आम्ही म्हाताऱ्याला रिक्षात घातलं, आणि मासा तिथंच राहिला. मांजरांनी खाल्ला.

१२ ऑक्टोबर, रविवार

परत गेलो. भांगाचं पाणी, चढ नाही, उतार नाही, मेल्यासारखं. कळस ताडामागे, खांब खाचेत. काही नाही. सुधीर म्हणाला, "बाय, बास झालं. माझी पन कंबर हाय. मी आता येनार नाय." त्याचं चुकलं नाही. तरी शिव्या दिल्या.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वजन एक्केचाळीस. होतं बासष्ट. मी आता त्याला एकटी उचलते.

१९ ऑक्टोबर, रविवार

गरी धुऊन, वाळवून माळ्यावर टाकली. हितेशनं हॉस्पिटलात दिवस ठरवला, चोवीस तारीख, सकाळी अकरा वाजता. नळी. सून नोकरीवरून येताना म्हाताऱ्यासाठी नवा गाऊन घेऊन आली, पुढून उघडणारा. दिवाळीचे कपडे म्हणायचे.

कुणाशी भांडले नाही. नमिता म्हणाली, "आजी, बरं वाटत नाही का तुला?"

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. नवऱ्याला ओवाळायचा दिवस. ताट घेऊन समोर उभी राहिले तर ह्यानं डाव्या हातानं मला बाजूला ढकललं! दिवा विझला असता. हितेश म्हणाला, "राहू दे आई, पप्पांना कळत नाय आता. टाकीच लागते बघायला."

मला राग आला. म्हटलं, बघू तरी ही सवत. खुर्चीच्या मागे जाऊन त्याच्या डोक्याला डोकं लावून बघितलं, त्याच्याच नजरेनं. खिडकी, रस्ता, टाकी.

ताट हातातून पडायचं बाकी राहिलं.

टाकीच्या जागी आमचं जुनं देऊळ होतं! तीस वर्षांमागे रस्ता आला आणि देव नव्या देवळात नेला. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे मीच नाचत होते. देव हलला म्हणून मी कळसही हलला असं धरून चालले. खाडीतला डोह थोडाच देवाच्या मागे चालत जातो? पाण्यावरून खूण बघायची तर जुनीच जागा बघायची. तीस वर्षं म्हातारा टाकीला कळस म्हणत होता, आणि दोन महिने खुर्चीत बसून मला तेच दाखवत होता. की दाखवत नव्हताच? कोण जाणे. उगाच आशा नको. पण माळ्यावरून गरी काढली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊबीज. सुधीर साडी घेऊन आला. मी ओवाळलं आणि साडी त्याच्या हातात परत दिली.

"ही नको. उद्या पहाटे होडी पायजे."

"बाय, परत?"

"ओवाळणी नाय म्हनशील?"

डोक्यावर हात मारला त्यानं. "डोहात जिताडा सोड, बेडूक पन नाय."

"मग बेडूक आनू."

हितेश तापला. "उद्या अकराला पप्पांना न्यायचंय, आनि तू मच्छी मारायला जातेस?"

म्हटलं, अकराला अजून वेळ आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. होडीत.

जिताडा! सात किलोच्या वर. टाकी ताडाच्या मागे गेली, खांब खाचेत बसला, आणि सुकतीचं पाणी थांबलं तेव्हा दोरा असा गेला की माझी दोन बोटं कापली. अक्षर त्यामुळे असं. अजून तळाशी शेपूट आपटतोय.

पाणी उतरलेलं आहे. होडी चिखलाच्या अलीकडे अडकली. भरती चढेपर्यंत तासभर हलता येणार नाही. सुधीरनं घरी फोन केला होता. धक्का समोर दिसतो. हितेशनं खुर्ची आणून वरच्या पायरीजवळ ठेवली आहे, म्हाताऱ्याला तो नवा गाऊन घातलेला. नमिता पाटी घेऊन उभी आहे आणि आत्तापासूनच हात हलवते. कार्टी माझं तोंड उघडायच्या आधी ओ देऊन मोकळी होईल.

सुधीरला म्हटलं, परत फोन लाव. सांग त्यांना. आज हाक मी मारणार आहे. नाव घेऊन. नामा. हे बघ, लिहिलं.

हितेशनं ओ द्यायची नाही. नमितानं तोंडावर हात ठेवायचा. तीन हाका मारीन, तीस मारीन, अकरा वाजले तरी मारीन. ओ त्यानंच द्यायची.