कमरेची मोबाईलवाली बाई

४ ऑगस्ट
कमरेला आता मोबाईलचा डॉक्टर! लेक आकांक्षा अकोल्याहून आली आणि व्यायामाचं ॲप टाकून गेली. दवाखान्यात रांग नको म्हणे. त्यातली बाई पुणेरी — "छान! आता गुडघे छातीशी घ्या." घेते गं बाई, मधलं पोट कुठे ठेवू ते सांग.
आडवी झाले तर पाठीत टाचणी. शिवणकामाच्या घरात जमीन मोकळी कधी असते!

७ ऑगस्ट
मी जमिनीवर, आमचे हे खाटेवर. "मोबाईलनं कंबर बरी होते तं दवाखाने कावून बांधले?" स्वतः उठून पाणी घेत नाहीत, आणि चालले शहाणपण शिकवायला!

११ ऑगस्ट
व्यायाम झाला की बाई विचारते — आज कसं वाटतंय? मी "बरं आहे" दाबते. परक्या बाईनं विचारपूस केली तर तिच्यापुढे रडगाणं गायचं का! कोणी विचारलं की बरं म्हणायचं, मग पुढचं बोलायचं. तेवढी रीत कळते मला.
पायात मुंग्या येतात का, हेही विचारते. नाही म्हटलं. येतात. पण हो म्हटलं की ते आकांक्षाच्या मोबाईलवर दिसतं. पोरगी नवी नोकरी टाकून धावत येईल.

१६ ऑगस्ट
"शाब्बास! तुमची प्रगती उत्तम आहे." बक्षीस काय, तर आणखी अवघड व्यायाम! एक पाय वर धरा म्हणे. तू ये, तूच धर. मेलीला डोळे नाहीत, नुसती जीभ.
संध्याकाळी आकांक्षाचा फोन. "आई, किती सुधरून राहिली तू! माह्या मैत्रिणीच्या आईलेबी हेच ॲप पाह्यजे." एवढी खुशीत होती. म्हटलं, "हो, लय फरक हाय." फोन ठेवला आणि भीती वाटली. मुंग्या आता पोटरीपर्यंत येतात.

१७ ऑगस्ट
व्यायामाला बुट्टी. बाईचा निरोप — "आम्हाला तुमची आठवण येतेय." आमच्या ह्यांना अख्ख्या संसारात आली नाही!

२१ ऑगस्ट
शेजारच्या सुंदराबाईचं ब्लाऊज शिवत होते, ती समोरच बसलेली. बाही जोडून झाली. पाय काढला, कात्री घ्यायला वळले. मोटारीची मशीन चालूच! कापड गोळा होऊन सुईखाली अडकलं. सुंदराबाई ओरडली, "अवं, पॅडलवरचा पाय काढ ना!"
मी तर काढलाच होता.