नूतनच्या स्वेटरच्या बाह्या

ती. नीराताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात, भावोजींचा खोकला बसला का, हरिहरेश्वरला उकडायला लागलं का, ते सवडीने कळव. माझं विचारशील तर जिवंत आहे. (हे फोनवर सांगणार होतो, पण फोनवर तू आधी रागावतेस आणि मग ऐकतेस.)

नूतन गेल्यावर घर खायला उठतं म्हणून मी सकाळी सायकल चालवणाऱ्यांच्या टोळीत शिरलो, हे तुला ठाऊक आहेच. (टोळीत माझ्याखालोखाल वयस्कर म्हणजे कुलदीप. तो चौतीसचा.) अलिबागहून रेवसच्या धक्क्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. आता फाल्गुनातल्या हवेला काही धरबंध नाही. निघताना अंगावर काटा, मांडवा फाट्याला बरं, रेवसला घामाच्या धारा. कार्तिकातही हीच रड. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला तर उकडून मरायचं, अर्ध्या बाह्यांचा घातला तर गारठून. कुलदीप म्हणाला, "काका, आर्म वॉर्मर घ्या ना." म्हणजे नुसत्या बाह्या, शर्टाशिवाय. थंडी वाजली की चढवायच्या, उकडलं की उतरवून खिशात कोंबायच्या.

मोबाइलवरून एक जोडी मागवली. त्यांनी दंडाचं माप विचारलं, मी आठवणीतल्या दंडाचं दिलं. (तो दंड बहुधा लग्नाच्या वेळचा.) बाह्या अशा आवळल्या की बोटं जांभळी झाली. मग एक नंबर मोठी जोडी घेतली, ती दर दहा पायडलांनी मनगटावर उतरून बसायची. तिसरी अल्पेशच्या सायकलच्या दुकानातून आणली, पांढरी, पातळ. "काका, ह्या उन्हाच्या आहेत, थंडीच्या नाय," असं तो म्हणाला, पण पैसे गल्ल्यात टाकून झाल्यावर.

शेवटी मी ट्रंकेतून नूतनने विणलेला निळा स्वेटर काढला. मी नोकरीला होतो तेव्हा पहाटेच्या लाँचमध्ये वारा लागतो म्हणून तिने तो विणला होता. त्याच्या दोन्ही बाह्या मी खांद्यापासून कापल्या. कापल्यावर विणलेलं कापड शिवलेल्यासारखं गप्प राहत नाही, हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. घरात कात्रीचं खातं नूतनकडे होतं.

दोन दिवस बाह्या अगदी मापात बसल्या. तिसऱ्या दिवशी फाट्यावर पाणी प्यायला थांबलो, तेव्हा उजव्या बाहीचं सुटलेलं टोक कुंपणाच्या तारेत अडकलं आणि मी तसाच निघालो. बरंच पुढे गेल्यावर कुलदीपने हाक मारली. वळून पाहिलं तर रस्ताभर निळा धागा, आणि बाही कोपरापर्यंत उसवलेली. सायकल तिथेच टाकली आणि धागा हातावर गुंडाळत मागे चालत गेलो. दोन टेम्पो माझ्यासाठी खोळंबले. मच्छीची पाटी घेऊन निघालेली ठमाबाई म्हणाली, "सोड ना भाऊ, लोकर काय मिलत न्हाय व्हय बाजारात?" मला रडू येत होतं. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं असं तिला सांगितलं.

असो. भावोजींना नमस्कार सांग. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा,
धर्मा

ता. क. नूतनला विणायला तूच शिकवलं होतंस. तिचा टाका तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. सुया घेऊन चार दिवस ये. नवी लोकर मुळीच आणू नकोस. धागा सगळा जमवला आहे, थोडा टायरखाली काळा झालाय एवढंच. उजवी बाही उरली आहे तीही रोज आणखी उसवते आहे, म्हणून लवकर ये.

आणखी एक. वर थंडीचं लिहिलंय ते काही खरं नाही. थंडी इथून महाशिवरात्रीलाच गेली. बाह्या चढवल्या की तिने हात धरल्यासारखं वाटायचं, म्हणून कापल्या. डावी अजून शाबूत आहे. ती घालूनच लिहायला बसलोय आणि दुपारचे दोन वाजलेत. घामाने अक्षर फुटलं असेल, ते लावून वाच.