ईरप्पांचा पगार किती असावा?

२६ मे, सोमवार
टॉवेल कंपनीच्या पगार समितीची पहिली बैठक! कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं म्हणून मला संचालक मंडळात घेतलं — असं ते म्हणतात. मंडळात एक बाई हवीच असा नियम आहे — हे मी म्हणते.

विषय एकच. व्यवस्थापकीय संचालक ईरप्पांना चाळीस टक्के वाढ. मुंबईहून सल्लागार आला होता. सोलापुरात, मे महिन्यात, सूट घालून! त्याने दहा कंपन्यांचा तक्ता दाखवला. प्रत्येकीच्या साहेबाला ईरप्पांपेक्षा जास्त पगार. मी विचारलं, "या दहा निवडल्या कुणी?" तो पाणी प्यायला. समितीतले मल्लप्पा — निवृत्त सी.ए. — कानाशी म्हणाले, "मॅडम, जेवण गार होतंय की."

सही केली नाही. जेवले मात्र पोटभर.

२८ मे
तक्ता घरी चाळला. दहातल्या सात कंपन्या आमच्या चौपट मोठ्या. एक तर चक्क सिमेंटची!

६ जून
नफा दुप्पट झाला हे खरं. पण सूत स्वस्त झालं म्हणून. ते काय ईरप्पांनी स्वस्त केलं? त्यांनी केलं ते वेगळंच — परदेशातलं मोठं गिऱ्हाईक तुटत होतं, ते स्वतः जाऊन परत आणलं. तक्त्यात त्याला रकानाच नाही.

आजच्या बैठकीत मी सुचवलं : पंधरा टक्के आत्ता. उरलेली वाढ तीन वर्षांनी, गिऱ्हाईकं टिकली आणि मागावरचे अपघात घटले तरच.
मल्लप्पा म्हणाले, "व्हय, पण ईरप्पांना सांगणार कोण?" बघत होते माझ्याकडेच.

९ जून
सांगितलं. ईरप्पांनी चहा मागवला, प्यायले नाहीत.
"बावीस वर्षं हितं घासतोय मी. आता माझी गुणपत्रिका काढणार तुमी?"
"व्हय," — माझ्याही तोंडून तेच निघालं!
"अपघात माझ्या पगारात कशाला?"
"गेल्या वर्षी दोघांची बोटं गेली. मग कुणाच्या पगारात घालू?"
हसले नाहीत. पण गाडीपर्यंत सोडायला आले.

१४ जुलै
म्युच्युअल फंडाच्या ऋतुजाचा फोन. कंपनीचे नऊ टक्के शेअर त्यांच्याकडे. आवाज गोड, प्रश्न तिखट.
"अटी नसत्या तर आम्ही विरोधात मत दिलं असतं, मॅडम. पण अपघातांचे आकडे तपासणार कोण? कंपनीच?"
हे मला सुचलंच नव्हतं! तीस वर्षं शिकवून!! बाहेरचा तपासनीस नेमायचा, असं ठरावात घालून घेतलं.

११ ऑगस्ट
भागधारकांची सभा. ठराव ब्याण्णव टक्के मतांनी मंजूर — अटींसकट. ईरप्पांनी सगळ्यांना हात जोडले. मग माझ्याजवळ येऊन हळूच, "लई कडक पेपर काढलात, मॅडम."
माणूस आवडला मला. खरंच.

२९ ऑगस्ट
पुढच्या बैठकीची विषयपत्रिका आली. विषय चौथा : स्वतंत्र संचालकांचं — म्हणजे माझं आणि मल्लप्पांचंही — बैठकीचं मानधन तिप्पट करणे. सुचवणारे — ईरप्पा.
लबाड!
सकाळपासून कागद समोर आहे. 'नको' असं अजून लिहिलेलं नाही.