चालू लाईनवरची दुरुस्ती

४ फेब्रु.
आज बबल टेस्ट. शिरेत बुडबुड्यांचं सलाईन सोडतात आणि बघतात, हृदयाच्या पडद्यातून डावीकडे जातात का. मोरिवलीच्या कंपनीत मी दिवसभर हेच करते. सिलिंडर पाण्यात बुडवा, हवा भरा, बुडबुडा आला की माल रिजेक्ट. डॉक्टर म्हणाले, जोर करून श्वास धरा. स्क्रीनकडे बघायच्या नादात सोडूनच दिला. "मॅडम, तपासणी मी करतोय." परत सलाईन. दुसऱ्यांदा दिसले. ढीगभर.
जन्मापासूनचं भोक. डिसेंबरात गुठळी इथूनच मेंदूत गेली असणार म्हणे.

९ फेब्रु.
सासूबाई: "इतकी वर्षं काही झालं नाही, आता कशाला हात लावायचा?" मिलिंद गप्प. नवऱ्याचं हे गप्प बसणं डोक्यात जातं.
डिसेंबरात तनूला हाक मारत होते आणि तोंडातून नुसतं त, त. पोरीला वाटलं आई मस्करी करतेय. हसली. परत तसं झालं आणि आवाज आलाच नाही तर? भीती वाटते, बस.

१४ फेब्रु.
उल्हासनगरला डॉक्टरांकडे. मांडीच्या शिरेतून तार नेऊन भोकाला दोन्हीकडून बटण. विचारलं, तेवढा वेळ हृदय बंद? "नाही, चालूच." आमच्याकडे गॅसच्या चालू लाईनवर वेल्डिंग केलं तर गेटबाहेर काढतील. डॉक्टर हसले, मला नाही आलं हसू. "धोका कमी होतो. शून्य नाही."
मिलिंद एकदम: "करून टाकू. हिची बडबड बंद नको व्हायला." बाहेर येऊन त्याच्यावरच चिडले. आधी बोलायला काय झालं होतं?

३ मार्च
बटण बसलं. पाय हलवायचा नाही. मी आणि न हलणं. सासूबाईंनी खरवईहून पेज पाठवली, मीठच नाही.

२० मार्च
रोज उठल्या उठल्या तनूला हाक मारून बघते. जीभ वळतेय ना.

२ सप्टें.
परत बबल टेस्ट. या वेळी डोळे मिटून श्वास धरला. दोन-तीन बुडबुडे अजून जातात. "छान रिझल्ट आहे, बटणावर पापुद्रा धरेल. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू ठेवा." एक बुडबुडा दिसला तरी मी पास नाही करत. इथे काय करू?

५ सप्टें.
उठले तर उजवा हात बधिर. अंगाखाली आला असेल. हाक मारली.
आतून तनू: "नाव नीट आलं, आई."
हाताला अजून मुंग्या आहेत. डाव्या हाताने लिहितेय. मिलिंद गाडीची चावी शोधतोय.