महापेहून निरोप नाही

७ जुलै

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि छान गेला. डोंबिवली सोडून करी रोडला भाड्याने आले ती या नोकरीसाठी, पण खरा आनंद बाबांना झालाय. गिरणी बंद पडल्यावर त्यांना हा भाग सोडावा लागला होता. आज सकाळी त्यांनी लालबागला जाऊन मालवणी मसाला कांडून आणला. कांडपवाल्याने गणपतशेठ म्हणून हाक मारली, त्यावरच स्वारी दिवसभर खूश आहे. घरभर मिरचीचा ठसका.

रुग्णालय परळला, जुनं, धर्मादाय. तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत मोठे सर्व्हर आहेत आणि त्यांच्या पोटात कितीतरी व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, चालतात. एक केसपेपर सांभाळतं, एक औषधं, एक आयसीयूचे मॉनिटर. आग लागली, पाणी शिरलं, तर कारभार महापेच्या दुसऱ्या केंद्रातून चालावा म्हणून रोज पहाटे सगळ्याची प्रत तिकडे जाते. शेजारच्या टेबलावर हेरंब बसतो. म्हणाला, या इमारतीत एसी फक्त सर्व्हरला मिळतो, तुला हवा असेल तर आत जाऊन रॅकमध्ये बस. त्याच्या बायकोचे, दर्शनाचे, दिवस भरत आलेत. त्यामुळे तो सध्या सगळ्यांनाच पेढ्यांची आश्वासनं देत सुटलाय.

१० जुलै

प्रत पाठवायची पद्धत बदलावी का, यावर आज बैठक झाली. मी उभी राहिले. उभी राहिले की मला थांबता येत नाही. गिरणीच्या गेटवर बाबा बोलायचे तसंच माझं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी सर्व्हर बसला आणि पहाटेपासूनचा दिवस पुसला गेला. कोणाला इंजेक्शन दिलं, कोणाला नाही, कुणाला सांगता येईना. एका बाईंना तेच औषध दोनदा गेलं. मी विचारलं, पैसेवाल्याच्या खात्यातला एक रुपया हरवू नये म्हणून बँका जी पद्धत वापरतात, ती गरिबाच्या श्वासाला का नाही? नव्या पद्धतीत इथली प्रत्येक नोंद त्याच क्षणी महापेला जाते. तिथून 'पोचलं' असा निरोप आला, तरच ती इथे झाली असं धरलं जातं. एक क्षणही हरवत नाही.

विभागप्रमुख श्यामकांत सर म्हणाले, आकांक्षा, हे शिवाजी पार्क नाही, आवाज कमी कर. मग शांतपणे म्हणाले, आज तिकडची प्रत आपल्या मागून येते. उद्या आपण तिच्या परवानगीने चालायला लागू. ती थांबली तर आपणही थांबू. मी म्हटलं, थांबलेलं परवडलं, पुसलेलं नाही. ट्रस्टींनी टेबलं वाजवली.

१९ जुलै

आज बदल केला. दुवा तुटला तर यंत्रणा आपोआप जुन्या पद्धतीवर यावी, अशी एक सोय त्यात असते. सरांनी ती चालू ठेवायला सांगितलं. मी ट्रस्टींची सही आणून ती बंद केली. आता ती पुन्हा चालू करता येईल ती फक्त माझ्या लॉगिनने. अर्धवट सत्य मला चालत नाही, मी बैठकीतही हेच बोलले होते.

सगळं सुरळीत. हेरंब म्हणाला, तुझ्यापुढे महापेसुद्धा हो म्हणतंय.

२३ जुलै

सकाळी बाबांच्या छातीत कळ आली. आमच्याच रुग्णालयात आणलं. हृदयरोगाच्या वॉर्डात, खिडकीजवळची खाट. डॉक्टर उर्मिला म्हणाल्या, झडप थकलीय, पण सांभाळू.

दर्शनालाही आज वरच्या मजल्यावर दाखल केलं. हेरंब जिन्यात भेटला. म्हणाला, आपण दोघं आता घरी जायचं सोडून देऊ.

२८ जुलै

मुख्य रस्त्यावर मंडळाच्या मांडवासाठी खांब पुरायला खड्डे खणत होते. दुपारी त्यात आमची केबल तुटली. महापेशी दुवा गेला.

सगळ्या पडद्यांवर एकच ओळ: वाट पाहत आहे.

मी वॉर्डात धावले. सिस्टरने मला दारातच धरलं. म्हणाली, मॅडम, दुपारी मॉनिटरवरची रेघ सपाट झाली, नाडी गेली, आम्ही छाती दाबली, काही उपयोग झाला नाही. मग तुमचे वडील डोळे उघडून म्हणाले, छातीवर काय बसतास गो, चाय हाडा.

डॉक्टर उर्मिलांनी पुन्हा पुन्हा ऐकलं. आत ठोका नाही. बाबा त्यांना विचारत होते, तुम्ही परळच्याच काय?

केसपेपरवर मृत्यूची नोंद होत नाहीये. पडदा वाट पाहतोय.

२९ जुलै

इथे काहीच पूर्ण होत नाही. सलाइन चालू आहे, बाटली संपत नाही. ताप चढलेले उतरत नाहीत, वाढतही नाहीत. ड्रेसिंगच्या खोलीत एका माणसाच्या कापलेल्या बोटावर रक्ताचा थेंब जमलाय, तो पडत नाही.

दर्शनाच्या कळा कालपासून चालू आहेत. बाळाचं डोकं दिसतं. तिथेच आहे.

केबलवाले म्हणाले, खड्ड्यात खांब उभा राहिला, वर मांडव चढला. आता विसर्जन झाल्याशिवाय तिथे पहार लावता येणार नाही. हेरंब मंडळात गेला होता. ते बिचारे भले आहेत, हात जोडत होते. म्हणाले, दादा, दुसरं काहीही सांगा, खांब कसा काढणार?

कोणी आरडाओरडा करत नाही. बाकांवर नातेवाईक बसून आहेत. मलाही काही वाटत नाही. बोटं लिहितायत, एवढंच.

३० जुलै

श्यामकांत सर म्हणाले, सोय चालू कर. जुन्या पद्धतीवर ये. अडकलेलं सगळं सुटेल.

सगळं सुटेल. मला कळलं. वरचं बाळ सुटेल. बाबांची रेघही सुटेल.

मी नाही म्हटलं. मोठं भाषण केलं. पुराव्याशिवाय पाऊल टाकू नये, विज्ञान काय म्हणतं, रुग्णालयाची जबाबदारी काय, सगळं बोलले. शब्द बिनचूक येत होते. समोर फक्त सर आणि हेरंब. टेबल वाजवायला कोणी नव्हतं.

सरांनी 'मी म्हटलं होतं' असं एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

हेरंब जाताना एवढंच म्हणाला, दर्शना आता ओरडत नाही गं. नुसती बघते.

३१ जुलै

बाबांचे हात थंड. नखं निळी. पाठीखाली काळसर डाग पडलाय, सिस्टरने चादरीने झाकला. मागून घेतलेला चहा ओठांपर्यंत नेतात, गिळत नाहीत. पण बोलतात. शेजारच्या खाटेवरच्याला गिरणीतल्या गमती सांगतात. तो हसत नाही. तोही थांबलाय बहुतेक.

मला विचारलं, मी मेलंय काय गो?

मी म्हटलं, रिपोर्ट यायचाय.

म्हणाले, तुझो आवाज असो कित्या? सभेत बोलतंस तसो?

मग विचारलं, वरची बाई गप का झाली? मी सांगितलं. केबल, महापे, माझं लॉगिन, हेरंबचं मूल. ते ऐकत होते. डोळ्यांची पापणी खाली आली, ती अर्ध्यावरच –

म्हणाले, एका मुलाक दारात उभा करून ठेवलंस? माझ्यासाठी?

मी त्यांची चादर सारखी केली. ती सारखीच होती, तरी पुन्हा –

१ ऑगस्ट

सकाळ. लॅपटॉप बाबांच्या खाटेवर. ही वही मांडीवर. एका हाताने लिहितेय, दुसरा त्यांच्या हातात. हात कोणाचा थंड, कळत नाही –

हेरंब वर आहे. सर दारात उभे.

लॉगिन केलं. विचारतंय, नक्की बदलायचं का –

बाबा म्हणतात, दाब गो. माका कंटाळो इलो.

मी म्हटलं, थोडं थांबू. ते म्हणाले, थांबलंव मा इतके दिवस –

माझं मत अजूनही तेच आहे. काही पुसू नये. कोणाचंच. एक क्षणही –

दाबलं.

पडद्यावरची ओळ गेली. सलाइनचा थेंब पडला. वरून – रडणं – लहानसं, चिडलेलं – बाबा, ऐकलंत? ऐकलंत ना? ते माझ्याकडे बघून हसतायत, म्हणतायत, मुलगी असात, बघ, आवाज तुझ्यासार