रुमाल टाकून धरलेली जागा

प्रिय दिगंबर,

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुझ्या नावापुढं 'दादा' लिहिलं नाही. चुकून राहिलं असं समजू नकोस. तुला जाऊन सात महिने झाले. आता तरी मला एवढी मोकळीक असू दे.

आत्ताच का लिहितेय म्हणशील. एका सिनेमामुळं. हसू नकोस! परवाच्या रविवारी आमच्या प्राजूनं कॉलेजातल्या मैत्रिणीकडून सीडी आणली. थायलंडचा सिनेमा, शाळेतल्या पोरापोरींचा. भाषा कुणालाच कळेना. खाली इंग्रजी ओळी येत होत्या आणि प्राजू त्याचं मराठी करून सांगत होती. मी गवार निवडत बसले होते. आई सध्या माझ्याकडंच आहे, ती भिंतीला टेकून बघत होती. मधूनच विचारायची, "हे लोक भाकर खात्यात का भातच?"

त्यातली मुलगी रोज नावेतून शाळेत येते. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, आपल्या शाळेसारखाच. एक मुलगा एकदा तिची चिखलात रुतलेली चप्पल काढून देतो, आणि संपलं! अख्खा सिनेमाभर ती त्याच्याशी एक शब्द बोलत नाही, नुसती झुरते. मग शाळेचा शेवटचा दिवस येतो. तिथं म्हणे रीत आहे, एकमेकांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधायची. ती दोरा घेऊन त्याच्यासमोर उभी राहते, तो हात पुढं करतो, आणि मी ओरडले, "अगं बये, बांधू नकोस!"

सूप उलटलं, गवार सगळीकडं झाली. प्राजू पोट धरून हसायला लागली. "आई, तिथं धागा बांधल्यानं कुणी भाऊ होत न्हाई. आशीर्वाद असतो तो."

मी शेंगा गोळा करत खाली मान घालून बसले. आई मात्र हसली नाही.

तुला आठवतात ते नववीचे दिवस? तू पिंपळगावाकडून सायकलवर यायचास, मी आमच्या वाडीहून एसटीनं. संध्याकाळी भोकरदनच्या स्टँडवर बाजारकरूंची ही गर्दी! दारातून चढेपर्यंत बसायला जागा उरायची नाही. तुला तर एसटीनं जायचंच नसायचं. तरी सायकल भिंतीला लावून तू गाडी फलाटाला लागायच्या आत पळायचास आणि खिडकीतून रुमाल टाकायचास. खिडकीकडचीच जागा. मी चढून त्या रुमालावर बसायचे, तू सायकल काढून वळायचास. बोलणं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी रुमाल धुऊन, घडी करून मी कंपासपेटीतून परत करायची. निळ्या काठाचा पांढरा रुमाल. मी त्याला नीळ जरा जास्तच द्यायची.

एकदा एका पटकेवाल्या बाबानं त्यावर बसकण मारली, तर तू खिडकीतून केवढा भांडलास! "बाबा, रुमाल दिसून न्हाई राह्यला का? मानूस येनार हाय!" बाबा बिचारा उठला. मी लाजेनं लाल झाले. माणूस म्हणे! मला तोवर कुणी माणूस म्हटलं नव्हतं, सगळ्यांच्या लेखी मी पोरगीच होते.

पण स्टँड म्हणजे चारचौघांची जागा. बघणाऱ्यांनी बघितलं, फळ्यावर कुणीतरी आपली नावं शेजारी शेजारी लिहिली, आणि गोष्ट वाडीपर्यंत गेली. आईनं सरळ सांगितलं, "पुनवंला शाळंत त्याच्या हाताला राखी बांध. न्हाई तर दप्तर ठिव माळ्यावर." माझे वडील वारल्यापासून घरात आईचा शब्द शेवटचा. दोन रात्री मी जेवले नाही. आई काही हलली नाही.

आपल्या शाळेत राखीचा कार्यक्रम कसा व्हायचा ते तुला सांगायला नको. पोरं एका रांगेत, पोरी समोर, मध्ये हेडसर छडी घेऊन. ज्याच्या मनात काही असेल तो पोरगा त्या दिवशी हमखास आजारी पडायचा. नववीच्या निम्म्या पोरांना पुनवेला ताप यायचा! मी देवाजवळ तेच मागत होते. दिगंबरला ताप येऊ दे, एका दिवसापुरता.

तू आलास. डोक्याला तेल चोपडून, शर्टाला इस्त्री करून. आणि माझ्याच समोर उभा राहिलास. मी ती स्पंजची लालभडक राखी बांधायला घेतली, तू म्हणालास, "पक्की बांध." बस्स, एवढंच. मी पक्की बांधली.

का आलास रे त्या दिवशी? हा एक प्रश्न मी आयुष्यभर तुला विचारत आले, मनातल्या मनात. तुझ्या मनात काही नव्हतंच का, की तूही भ्यालास? रुमाल तू कुणासाठीही टाकला असतास का?

त्यानंतर तू 'ताई' म्हणायला लागलास. माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा असून ताई! मला भाऊ नव्हता, तर माझ्या लग्नात कानपिळीला तूच उभा राहिलास. नवरदेवाचा कान जरा जोरातच पिळलास बरं का. हे अजून म्हणतात, "तुझ्या भावानं कान उपटायचाच बाकी ठेवला होता." हे भले आहेत, संसारात मला काही कमी पडलं नाही. तरी दर भाऊबिजेला तू मक्याच्या कणसांची पिशवी घेऊन जालन्यात मस्तगडाच्या आमच्या घरी यायचास, पाटावर बसायचास, आणि तुला ओवाळताना मला चोरी केल्यासारखं वाटायचं.

तुझ्यावर रागही आहे माझा. काविळीला गावठी पाला किती दिवस खात बसलास! डोळे हळदीसारखे झाले तेव्हा जालन्याला आणलं तुला. आधी एक फोन करायला काय झालं होतं? दवाखान्यात तुझ्या उशाशी मी पाच दिवस बसले. विचारू का, विचारू का, असं ओठावर यायचं. शांतावहिनी पायाशी बसलेली असायची. मी विचारायची, "पाणी देऊ?"

तू गेलास, आणि मी गळा काढून रडले. सगळ्या गावासमोर. कुणी काही म्हणालं नाही, उलट बायांनी मला धरलं, "सख्ख्यावानी भाऊ गेला हो बाईचा." त्या राखीनंच मला रडायची जागा दिली. दुसरी कुणी असते, तर कोपऱ्यात उभं राहून पदर तोंडात कोंबावा लागला असता. ह्याबद्दल तिचे आभार मानू की तिला शिव्या देऊ, मला अजून कळत नाही.

तर त्या रविवारी सिनेमा संपला, प्राजू क्लासला गेली. मी भाजी फोडणीला टाकत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसली आणि म्हणाली, "इमल, एक सांगायचं राह्यलंय. तुझ्या राखीच्या आदल्या बाजारी दिगू आल्ता माझ्याकडं."

मी गॅस बारीक केला.

"मिरच्या इकत बसले व्हते मी. पोरगं पायाशी बसलं. म्हन्लं, मावशी, इमल हुशार हाय, तिची शाळा बंद करू नका. तुमी म्हन्ताल ते करतो. मी म्हन्लं, राखी बांधून घेतो का? सांडल्याल्या मिरच्या ढिगावर टाकत ऱ्हायलं. मंग म्हन्लं, घेतो. पर जल्मभर बराबर निभवीन, तुमी बी तिला बारावीच्या म्होरं शिकवा. मी म्हन्लं, बरं."

"आणि मला सांगितलं नाहीस? इतकी वर्षं?"

"त्यानं शपत घातल्ती. आता त्योच न्हाई, तर कुनाची शपत." आई पदरानं डोळे पुसायला लागली. "रडलं व्हतं पोरगं, मिरच्याच्या ढिगापाशी. मी म्हन्लं, तिखटाची खाट डोळ्यांत गेली आसंल."

दिगंबर, काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तसं झालं बघ माझं. उत्तर आईपाशी होतं आणि मी तुझ्या उशाशी पाणी विचारत बसले होते. बारावी झाले, डीएड झाले, आज शाळेत शिकवते, पोरं मला बाई म्हणतात. हे सगळं तू त्या दिवशी हात पुढं केलास म्हणून! आणि मी तुला भित्रा समजत राहिले. मला माफ कर. पण एक सांगशील? मला नाही का विचारायचंस रे? एकदा तरी? कदाचित मी दप्तर माळ्यावर ठेवलं असतं. कदाचित नसतंही. पण ते मी ठरवलं असतं.

पुनव आली आहे. शांतावहिनीचा फोन आला होता, "ताई, ह्या वर्षी बी या, फोटूला बांधा." येईन. राखीही बांधीन, पक्की. तू जन्मभर निभावलंस, मी मध्येच सोडणार नाही, आणि वहिनीला यातलं कधीच काही कळणार नाही, हा माझा शब्द.

पण अजून एक शब्द देते, तो फक्त तुला. राखीच्या आदल्या संध्याकाळचा तुझा रुमाल माझ्याकडंच राहिला होता. तूही कधी मागितला नाहीस. काल ट्रंकेतून काढला, धुतला, नीळ घातली. पुनवेला जालन्याच्या स्टँडवर भोकरदनची गाडी लागली की मी आधी चढेन आणि खिडकीकडच्या जागेवर तो रुमाल टाकेन. शेजारी मी बसेन. कितीही गर्दी होऊ दे. कुणी बसायला आलंच, तर भोकरदन येईपर्यंत भांडेन, अगदी तुझ्यासारखी.

"रुमाल दिसून न्हाई राह्यला का? मानूस येनार हाय."

तुझी,
विमल