गाईच्या नावावरची इंजेक्शनं

अहो हवालदारसाहेब,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी मनातल्या मनात बोलत होते. आज ते पुरेना, म्हणून कागद घेऊन बसले. सकाळी दिनकर आला होता, आपल्या जनावरांना सुया टोचणारा. चहाला हात लावला नाही. उभ्या उभ्याच रडायला लागला.

"वैनी, गाईला काय बी झालं नव्हतं. दादांस्नी लघवीला जळजळ व्हायची. गाईची म्हणून आणलेली इंजेक्शनं मी त्यांनाच टोचत हुतो. कुणाला बोलू नगं म्हणाले."

गोठ्यात रिकाम्या बाटल्या बघून मी विचारलं होतं ना हो? तुम्ही म्हणालात, "सडाला सूज हाय." मी येडी रोज ऊन पाण्यानं शेकत बसायची, हळद लावायची. गाय बिचारी वळून वळून बघायची माझ्याकडं. आणि तुम्ही बाजेवर बसून गंमत बघत होतात!

इतका संसार केला, तुमच्या पाठीवरचं गळू मी पिळलं, आणि लघवीचं दुखणं सांगायची लाज वाटली? कुणाची, माझी? थोडं बरं वाटलं की बंद, पुन्हा जळजळलं की पुन्हा सुई. असंच चाललं होतं म्हणे.

मग हुडहुडी भरून ताप आला आणि आपण कराड गाठलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आधी कुठली अँटिबायोटिक घेतली होती का? नीट आठवा, त्यावरच औषध ठरवायचं आहे." मी लगेच तोऱ्यात म्हणाले, "आवं, आमच्या ह्यांनी मिलिटरीत बी कवा डोकेदुखीची गोळी खाल्ली न्हाई."

तुम्ही शुद्धीवर होतात. सगळं ऐकत होतात. एक शब्द बोलला असतात तर!

तपासणीचा रिपोर्ट आला तेव्हा कळलं, जंतू औषधाला सरावले होते, त्यांना सुरू केलेलं औषध लागूच पडत नव्हतं. लगेच दुसरं, जबर औषध सलाईनमधून चालू केलं, पण तोवर विष रक्तात पसरलं होतं. तसले जंतू दुसऱ्या पेशंटला लागू नयेत म्हणून तुम्हाला वेगळ्या खोलीत ठेवलं. मला झगा आणि हातमोजे घातल्याशिवाय आत सोडत नव्हते. मला वाटलं, माझ्या माणसाची किळस करतात ही माणसं!

तुम्ही गेलात आणि मी व्हरांड्यात ओरडले, "तुमीच मारलं माझ्या माणसाला!" भावकी आजही तेच बोलते.

तुम्ही बोलला असतात तर जगला असतात, असं मी म्हणत नाही. ते देवाला ठाऊक. पण मला का खोटं पाडलंत? सीमेवरून लिहायचात, "मी मजेत आहे, काळजी नसावी." मी ती पत्रं उशाशी घेऊन झोपायचे. तीही अशीच खोटी होती का हो?

फार राग आलाय. आणि तो काढायला तुम्हीच नाही.

तर ऐका. उद्या पहिल्या गाडीनं कराडला जाणार आहे. ज्या व्हरांड्यात ओरडले तिथंच, चार माणसांदेखत, डॉक्टरबाईंना खरं सांगणार. मग भावकीला घरी बोलावून सांगणार. हवालदारानं गाईचं इंजेक्शन घेतलं म्हणून लोक हसतील. हसू देत. तुमची शान राखायला मी एकदा खोटं बोलले, तेही नकळत. जाणूनबुजून बोलणार नाही.

तुमच्यावर रुसलेली, पण तुमचीच,
शालन